हिरवा चापडा, पण नक्की कोणता? आशियातले पिट व्हायपर: ओळख, वर्गीकरण, विष

सह्यरान (धागाकर्ता)

पाऊस सुरू झाला की सापांच्या ग्रुपांवर हिरव्या चापड्यांचे फोटो येऊ लागतात आणि खाली ठरलेलं उत्तर पडतं: "बांबू पिट व्हायपर." साप आंबोलीचा असो, अरुणाचलचा असो की बँकॉकच्या बागेतला, नाव तेच. हे चुकतं, आणि या चुकीची किंमत दवाखान्यातही मोजावी लागू शकते. म्हणून हा धागा.

आधी शब्दांचं बघू. मराठी पुस्तकांत 'प्रजाती' हा शब्द कोणी जीनससाठी वापरतं, कोणी स्पीशीजसाठी. घोळ नको म्हणून इथे जवळच्या जातींच्या गटाला 'जीनस' आणि स्पीशीजला 'जात' एवढंच म्हणू या. चापडा म्हणजे पिट व्हायपर.

घोणस, फुरसं आणि चापडा तिन्ही व्हायपरिडी कुळातले. चापडा त्यातल्या क्रोटॅलिनी उपकुळातला, घोणस आणि फुरसं व्हायपरिनीतले. क्रोटॅलिनीची खूण म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्या मधला खोल खळगा, दोन्ही बाजूंना एकेक. अमेरिकेतले रॅटलस्नेक याच उपकुळातले. आशियातली मंडळी मात्र राहणीने फार वेगवेगळी आहेत. ग्लॉयडियस जीनसमधला हिमालयी चापडा जमिनीवर, दगडांच्या सांदीत राहतो आणि त्याची 4,800 मीटरच्या वरची नोंद आहे. ओकिनावा आणि अमामी बेटांवरचा हाबू हा प्रोटोबोथ्रॉप्स. तैवान आणि दक्षिण चीनमधला शंभर पावलांचा साप म्हणजे डाइनाग्किस्ट्रोडॉन. आग्नेय आशियातल्या रबराच्या मळ्यांत कॅलोसेलाझ्मा. श्रीलंका आणि सह्याद्रीत हिप्नेल. शिवाय ओव्होफिस, ट्रॉपिडोलेमस, बोर्निओतला गार्थियस. आणि ज्यांच्यावरून सगळा गोंधळ होतो ते झाडावरचे हिरवे: ट्रायमेरेसुरस आणि क्रॅस्पेडोसेफॅलस.

या सगळ्यांचा सर्वांत जवळचा नातेवाईक अ‍ॅझेमिऑप्स. चीन, म्यानमार, व्हिएतनामच्या डोंगरांत राहतो. बुलेंजरने 1888 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याला खळगाच नाही.

रानवाट

महाराष्ट्रात हिरवा साप दिसला तर तो चापडाच आहे हे आधी कसं ठरवायचं? हरणटोळ आणि गवत्याही हिरवेच.

सह्यरान

लांबून डोळा बघा. चापड्याची बाहुली उभी चीर असते, हरणटोळाची आडवी आणि गवत्याची गोल. हरणटोळ दोरीसारखा बारीक, तोंड टोकदार. गवत्या जमिनीवरचा, मान आणि डोकं जवळजवळ सारख्या रुंदीचं. चापड्याचं डोकं रुंद त्रिकोणी, मान एकदम बारीक आणि डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक बारीक खवले. शेपूट फांदीला पकड घेणारं. साप तासन् तास एकाच जागी वेटोळं करून बसला असेल तर चापडा असण्याची शक्यता आणखी वाढते. मलबारी चापडा तर कित्येक दिवस त्याच फांदीवर किंवा दगडावर सापडतो.

खवलेमोज

"हिरवा आहे" ही खूण जात ठरवायला जवळपास निरुपयोगी आहे. मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळट असतो, शेवाळी रंगावर गडद ठिपके असलेलाही असतो. एका ओढ्यावर चार रंगांचे चार साप दिसले तरी जात एकच असू शकते. उलट ईशान्य भारतात तीन वेगळ्या जाती बाजूबाजूला ठेवल्या तर त्या सारख्याच हिरव्या दिसतील.

मग बघायचं काय?

एक, वरच्या ओठाचा पहिला खवला आणि नाकपुडीचा खवला. या दोघांमध्ये स्पष्ट शिवण आहे की ते अर्धवट किंवा पूर्ण एकजीव झालेत? ट्रायमेरेसुरस अल्बोलाब्रिस, एरिथ्रुरस, पर्प्युरिओमॅक्युलेटस या गटात ते जोडलेले असतात. आपला ग्रॅमिनियस (खरा बांबू चापडा), पूर्वेकडचे पोपिओरम आणि स्टेज्नेगेरी यांच्यात शिवण पूर्ण असते. डोक्याच्या बाजूने नीट फोकस झालेल्या फोटोत हे दिसतं.

दोन, शरीराच्या मध्यावर पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी. ग्रॅमिनियसमध्ये बहुधा 21. दक्षिणेच्या उंच डोंगरांतल्या मॅक्रोलेपिसमध्ये फक्त 12 ते 15, म्हणून तो नुसता बघूनही मोठ्या खवल्यांचा वाटतो. हिप्नेलमध्ये 17.

तीन, नराचं जननांग. पोपिओरममध्ये ते लांब, सडपातळ आणि बिनकाट्यांचं. स्टेज्नेगेरीमध्ये आखूड आणि काटेरी. बाहेरून ही दोन्ही जनावरं इतकी सारखी की जुन्या संग्रहांत वर्षानुवर्षं एकाच बाटलीत पडून होती. ही खूण अर्थातच संग्रहातल्या नमुन्यावर बघायची. रानात जिवंत सापावर कोणीही हा प्रयोग करू नये.

रानवाट

फोटोवरून ओळी मोजता येतात का? सापाला हात न लावता?

खवलेमोज

येतात, फोटो बाजूने आणि मध्यावर असला तर. पोटाच्या रुंद पट्टीला टेकलेला खवला ही पहिली ओळ. तिथून तिरकं वर मोजत पाठीच्या मधल्या ओळीपर्यंत या. मधली ओळ अकरावी आली तर एकूण ओळी दोनदा अकरा वजा एक, म्हणजे 21. मधली ओळ दोन्ही बाजूंना सामाईक असल्यामुळे एक वजा होतो.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. मानेजवळ किंवा गुदद्वाराजवळ मोजलं की आकडा चुकतो, कारण मागच्या बाजूला ओळी गळत जातात. मध्यावर 21 असलेल्या सापात मागे 15 सापडतात. दुसरी चूक भक्ष्य गिळलेल्या किंवा पोटुशा सापात होते. कातडी ताणून खवल्यांमध्ये फट पडते, आतली कातडी दिसायला लागते आणि डोळा ओळ चुकतो. अशा वेळी फुगलेला भाग सोडून थोडं पुढे मोजा.

पोटपट्ट्या मोजायची रीत डाउलिंगने 1951 मध्ये घालून दिली. पाठीची पहिली ओळ ज्या पट्टीला दोन्ही बाजूंनी टेकते ती पहिली पट्टी. शेपटीखालचे खवले जोडीने मोजायचे आणि टोकाचा एकटा खवला सोडायचा. दोन अभ्यासकांचे आकडे जुळत नसतील तर आधी दोघांनी मोजायला सुरुवात कुठून केली ते तपासा. बरेचदा भांडण तिथेच मिटतं.

सह्यरान

आता नावांचा गुंता. मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण सह्याद्रीतल्या चापड्याचं नाव शंभर वर्षं इतरांच्या गळ्यात पडलं आणि नंतर त्याच्याकडून त्याचं जीनसही गेलं.

1796 मध्ये पॅट्रिक रसेलने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा ग्रंथ काढला. त्यात 'बोद्रू पाम' या स्थानिक नावाने एका हिरव्या सापाचं चित्र आहे. त्यावरून शॉने 1802 मध्ये कोल्युबर ग्रॅमिनियस हे नाव दिलं. गवतासारखा हिरवा, असा त्याचा अर्थ. साप विशाखापट्टणमच्या बाजूचा. पुढे आशियाभर जो जो हिरवा चापडा सापडला तो ग्रॅमिनियस ठरत गेला: जावा, सयाम, चीन, हिमालय, सगळीकडचा. पोप दांपत्याने 1933 मध्ये ओठाचा खवला आणि जननांग बघून हा गठ्ठा सोडवला, तेव्हा ग्रॅमिनियस पुन्हा भारतापुरता उरला.

मग 2004. मल्होत्रा आणि थॉर्प यांनी सायटोक्रोम बी, एनडी-4, 12एस आणि 16एस या चार मायटोकाँड्रियल जनुकांवरून आणि जननांगांच्या रचनेवरून ट्रायमेरेसुरसचे तुकडे केले: क्रिप्टेलिट्रॉप्स, व्हिरिडोव्हायपेरा, पॅरियस, पोपिया, हिमालयोफिस, पेल्टोपेलोर. ट्रायमेरेसुरस हे जुनं नाव त्यांनी भारतीय गटाला आणि प्युनिसियस या जातीकडच्या त्याच्या नातेवाइकांना ठेवलं. म्हणजे आपला चापडा ट्रायमेरेसुरसच राहिला.

2011 मध्ये डेव्हिड, फोगेल आणि ड्यूबॉइस यांनी दाखवलं की लासेपेदने 1804 मध्ये हे जीनस ज्या सापावर उभं केलं तो अल्बोलाब्रिस गटातला आहे, आज ज्याला इन्सुलॅरिस म्हणतात तो. जीनसचं नाव मूळ नमुन्याबरोबर जातं, हा नियम. त्यामुळे ट्रायमेरेसुरस त्या गटाकडे गेलं, क्रिप्टेलिट्रॉप्स बाद झालं आणि भारतीय गटाला कूल आणि फान हासेल्ट यांचं 1822 चं क्रॅस्पेडोसेफॅलस लागू झालं.

घाटदेवराई

हे लागू झालं ते सबजीनस म्हणून, हेही सांगायला हवं. 2011 च्या लेखात ट्रायमेरेसुरस हे मोठं जीनसच ठेवलं होतं आणि बाकीचे गट त्याच्या आत सबजीनस होते. ती मांडणी मला आजही जास्त सोयीची वाटते. सर्पदंशावरचं शंभर वर्षांचं वैद्यकीय लिखाण 'ट्रायमेरेसुरस' या नावाखाली आहे. दर दहा वर्षांनी जीनस बदललं की डॉक्टर जुने संदर्भ शोधणार कसे?

सह्यरान

मुद्दा रास्त आहे. जनुकांवरून काढलेल्या बहुतेक वंशवृक्षांत क्रॅस्पेडोसेफॅलस ही उरलेल्या सगळ्यांची बहीण-शाखा म्हणून वेगळी पडते. त्यामुळे जीनस म्हणा की सबजीनस, नात्यात फरक पडत नाही, प्रश्न फक्त रेघ कुठे मारायची हा. तरी मी जीनसच्या बाजूने आहे, याचं कारण 2021 चं काम. मलिक आणि सहकाऱ्यांनी दख्खन, पूर्व आणि पश्चिम घाटातले चापडे जनुकं, आकारमान आणि प्रदेश अशा अनेक कसोट्यांवर एकत्र तपासले. पालघाट खिंडीच्या उत्तरेचा मलबारिकस आणि दक्षिणेचा अनामलेन्सिस वेगळे निघाले. अगदी दक्षिणेकडच्या डोंगरांतून ट्रावनकोरिकस आणि पेल्टोपेलोर या दोन नव्या जाती पुढे आल्या. या गटाचा इतिहास द्वीपकल्पाच्या भूगोलाशी इतका बांधलेला आहे की त्याला स्वतंत्र नाव असणं अभ्यासाला उपयोगी पडतं.

एक सावधगिरी: पेल्टोपेलोर हे आधी मॅक्रोलेपिससाठीचं जीनस होतं, आता ते एका जातीचं नाव आहे. जुना लेख वाचताना साल बघा.

खवलेमोज

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर दमट, सदाहरित रानात, आंबोली, तिळारी, कोयनेकडे, मुख्यतः मलबारिकस. त्या मानाने कोरड्या, मोकळ्या रानात आणि बांबूच्या बेटांत ग्रॅमिनियस. दोघांचे प्रदेश काही ठिकाणी एकमेकांत शिरतात, म्हणून फक्त जागेवरून नाव ठोकू नये.

ईशान्येत काम अजून चालू आहे. अशोक कॅप्टन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पश्चिम कामेंगमधल्या एकाच नरावरून अरुणाचलेन्सिसचं वर्णन केलं. 2020 मध्ये मिर्झा, भोसले आणि सहकाऱ्यांनी सालाझार या नव्या जातीचं वर्णन केलं, नराच्या डोक्याच्या बाजूला तांबूस-केशरी पट्टा असलेला. पुढे 2022 च्या आढाव्यात त्याचं वर्णन विस्तारलं. आधी अल्बोलाब्रिस किंवा सेप्टेन्ट्रिओनालिस म्हणून नोंदलेले ईशान्येतले बरेच साप आता या नावाने पुन्हा तपासावे लागतात.

मीनाक्षी_त

संग्रहालयात निळे चापडे पाहिले आहेत. ती वेगळी जात असते का?

खवलेमोज

नाही ताई, ते एकेकाळी हिरवेच होते. चापड्याच्या कातडीत हिरवं रंगद्रव्य नसतं. खाली इरिडोफोर पेशींतले स्फटिक निळा प्रकाश परत फेकतात आणि वर पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशींचा थर असतो. निळ्यावर पिवळा म्हणून डोळ्याला हिरवा. अल्कोहोलमध्ये पिवळं द्रव्य विरघळून जातं आणि खालचा निळा उघडा पडतो. त्यामुळे जुन्या नमुन्याच्या वर्णनात 'निळसर' लिहिलं असेल तर तो बाटलीचा रंग समजा, सापाचा नव्हे. अपवाद एकच लक्षात ठेवा: इंडोनेशियाच्या काही बेटांवर इन्सुलॅरिस जिवंतपणीच निळा असतो.

नमुन्याचंच निघालं म्हणून: डीएनएसाठी पोटपट्टीच्या कडेचा बारीक तुकडा किंवा ताजी कात पुरते. 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. तुकडा लहान आणि इथेनॉल भरपूर हवं, नाहीतर मासातलं पाणी त्यात उतरून ते पातळ होतं आणि डीएनए तुटतो. दुसऱ्या दिवशी इथेनॉल एकदा बदला. फॉर्मॅलिनचा थेंबही लागू देऊ नका. तुकडा काढून झाल्यावरच बाकी नमुना फॉर्मॅलिनमध्ये. आणि हे सगळं वनखात्याच्या लेखी परवान्याशिवाय करायचं नाही, मेलेल्या सापावरही नाही.

रानवाट

तो खळगा नेमकं करतो काय? 'अंधारात उष्णता दिसते' एवढंच वाचलंय.

घाटदेवराई

खळग्याच्या आत ताणलेला एक पडदा असतो, मिलिमीटरच्या साधारण साठाव्या-सत्तराव्या भागाइतका पातळ. पडद्याच्या मागे हवेची दुसरी पोकळी असते. म्हणजे पडदा दोन्ही बाजूंनी हवेत टांगलेला, डोक्याच्या मासाला टेकलेला नाही. त्यामुळे उंदराच्या अंगातून येणारी अवरक्त किरणं पडली की तो पटकन तापतो आणि उष्णता मासात मुरून वाया जात नाही. पडद्यावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, ते त्याला तितक्याच पटकन थंड करतं. नाहीतर हललेल्या उंदराची जुनी खूण मागे रेंगाळली असती.

पडद्यातल्या चेताटोकांवर टीआरपीए-1 नावाचं प्रथिन असतं. माणसात हेच प्रथिन मोहरी-वसाबीच्या झणक्याला जागं होतं. रॅटलस्नेकमध्ये ते साधारण 28 अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेला जागं होतं, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. संदेश ट्रायजेमिनल चेतेतून मेंदूत जातो आणि डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रावर बसवला जातो. खळगा पुढच्या बाजूला उघडत असल्यामुळे दोन्ही खळग्यांचं क्षेत्र समोर एकमेकांवर चढतं आणि अंतराचा अंदाज येतो.

मीनाक्षी_त

अंडी घालतात की पिल्लं?

सह्यरान

ट्रायमेरेसुरस आणि क्रॅस्पेडोसेफॅलसमधले बहुतेक पिल्लं देतात. आपले दोन्ही चापडे आणि हिप्नेलसुद्धा. ओव्होफिस मोंटिकोला, कॅलोसेलाझ्मा, डाइनाग्किस्ट्रोडॉन आणि हाबू अंडी घालतात. ओव्होफिसची मादी अंड्यांवर वेटोळं करून राखण करते. बऱ्याच जातींच्या पिल्लांच्या शेपटीचं टोक वेगळ्या रंगाचं असतं आणि ते अळीसारखं हलवून ती बेडूक, पाली जवळ ओढतात.

घाटमाथा_वैद्यक

आता दंशाकडे. दंशाच्या बाबतीत चुकीच्या ओळखीने जीव जाऊ शकतो, म्हणून नीट लिहिते.

भारतातलं पॉलिव्हॅलंट (एकाहून जास्त सापांवर चालणारं) प्रतिविष चार सापांच्या विषावर बनतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापड्याचं विष त्यात नाही. मलबारी किंवा बांबू चापड्याच्या दंशात जबर वेदना, वाढत जाणारी सूज, फोड येतात. मृत्यू दुर्मीळ. हिप्नेलचं तसं नाही. गोव्याच्या आसपासपासून दक्षिणेकडे पानगळीत बसणारा हा हातभर लांबीचा तपकिरी साप फार काळ निरुपद्रवी समजला गेला. केरळमध्ये त्याचे दंश फुरशाचे म्हणून नोंदले जात, आणि प्रतिविषाच्या बाटल्यांमागून बाटल्या देऊनही रक्त गोठत नसे, मूत्रपिंडं निकामी होत. 2007 मध्ये पुराव्यासह प्रकरणं प्रसिद्ध झाली तेव्हा हिप्नेलकडे लक्ष गेलं.

हिप्नेल आणि फुरसं यांतला फरक: हिप्नेलला खळगा आहे, नाकाचं टोक वर उचललेलं आणि बारीक खवल्यांचं, पण डोक्याच्या मागच्या भागावर मोठ्या ढाली. शेपटीखालचे खवले जोडीने. फुरशाला खळगा नाही, अख्ख्या डोक्यावर बारीक कणेदार खवले, शेपटीखाली खवल्यांची एकच ओळ.

या विषातली थ्रॉम्बिनसारखी एन्झाइम्स रक्तातलं फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचं जाळं बनतं ते प्रथिन) अर्धवट गोठवतात. तयार होणारं जाळं कच्चं असतं, शरीर ते विरघळवून टाकतं आणि फायब्रिनोजेन संपत जातं. त्यासाठी वीस मिनिटांची चाचणी: शिरेतलं 2 मिली रक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्या, 20 मिनिटं न हलवता ठेवा, मग एकदाच तिरकी करा. रक्त वाहिलं तर गोठण बिघडलेली. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, कारण गोठण सुरू व्हायला काचेचा उघडा पृष्ठभाग लागतो. चापड्याच्या दंशात बिघाड सौम्य असून ही चाचणी चुकवू शकते, म्हणून प्रयोगशाळेत पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), प्लेटलेट आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडासाठी) बघावं, आणि पुन्हा पुन्हा बघावं.

रानवाट

म्हणजे चापडा चावला हे नक्की असेल तर प्रतिविष द्यायचंच नाही?

घाटमाथा_वैद्यक

ओळख पक्की असेल तर त्याचा उपयोग नाही आणि अ‍ॅलर्जीचा धोका मात्र पूर्ण. पण ओळख पक्की आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. शंका असेल आणि रक्त गोठत नसेल तर घोणस-फुरसं गृहीत धरूनच उपचार होतात, आणि ते बरोबर आहे. थायलंडमध्ये अल्बोलाब्रिसवर आणि तैवानमध्ये स्टेज्नेगेरी व म्युक्रोस्क्वामाटस यांच्यावर वेगळं प्रतिविष बनतं. आपल्याकडे अजून नाही. दक्षिण घाटात हिप्नेलचे दंश बघता ते हवं, असं माझं ठाम मत आहे.

जागेवर करायचं ते एवढंच: अंगठ्या, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आत काढा. हातपाय न हलवता ठेवा. सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहा. आवळपट्टी नको, कापणं-चोखणं नको. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढतो. दंडात-मांडीत इंजेक्शन नको. साप मारून आणू नका. तुटलेलं डोकंही चावा घेऊ शकतं. लांबून काढलेला फोटो पुरतो, आणि त्यासाठीसुद्धा दवाखाना लांबवू नका.

रानवाट

शेवटचं विचारतो. फोटो टाकायचा तर कसा काढू, आणि नाव नक्की नसेल तर नोंद कशी करू?

खवलेमोज

दोन-तीन मीटरवरून, झूम लावून. चार फोटो: डोक्याची बाजू, त्यात नाकपुडी, खळगा आणि पहिला ओठखवला स्पष्ट, डोकं वरून, मध्यावर शरीराची बाजू, आणि आजूबाजूच्या झाडाझुडपासकट पूर्ण साप. फांदी वाकवू नका, साप हलवू नका. वरून फोटो मिळत नसेल तर सोडून द्या.

नोंदीत तारीख, वेळ, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीपासून सापाची उंची आणि कशावर बसला होता ते लिहा. अचूक जागा मात्र उघड करू नका, चापडा दिवसेंदिवस तिथेच बसतो आणि पकडणाऱ्यांना पत्ता मिळतो. नावाच्या रकान्यात खात्री असेल तेवढंच: "क्रॅस्पेडोसेफॅलस, जात अनिश्चित." आणि खाली जे मोजता आलं ते, जसं "मध्यावर 21 ओळी, ओठखवला आणि नाकखवला यांत शिवण पूर्ण." पुढे नाव बदललं तरी तेवढ्यावरून ती नोंद पुन्हा लावता येते.

रानवाट

चारही फोटो आहेत. ओळी मोजतो आणि संध्याकाळी इथेच टाकतो.